दोन पलंगांची खोली

"रात्री किती वेळा उठता?"

रायपूरला समता कॉलनीतल्या आमच्या टूरच्या ऑफिसात स्पेनला जायचं म्हणून कोणी खुर्चीत टेकलं की मालकीण कुंदाताई त्याला आधी हे विचारत. नाव नंतर, पासपोर्ट नंतर, पाणीसुद्धा नंतर. समोरचा माणूस कोट घालून आलेला असो की सोबत नवी सून घेऊन, त्यांना फरक पडत नसे. एकदा एक रिटायर्ड इंजिनियर साहेब चिडले. म्हणाले, "मैडम, हमको होटल चाहिए, डॉक्टर नहीं." ताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "डॉक्टर रात को साथ आएगा नहीं, भैया. बाथरूम तक आपको ही जाना है. परदेस में, अंधेरे में."  साहेबांच्या बायकोने टेबलाखालून हळूच तीन बोटं दाखवली.

ताईंचं म्हणणं असं, की माणूस हॉटेलात राजवाडा बघायला जात नाही, झोपायला जातो. गावातलं साधं, स्वच्छ, लिफ्ट असलेलं हॉटेल घ्यावं. खोली रस्त्याकडची घेऊ नये, आतल्या चौकाकडची घ्यावी, कारण तिकडचे लोक मध्यरात्रीपर्यंत फुटपाथवर खुर्च्या टाकून गप्पा मारतात. "आपल्याकडं पिऊन गोंधळ करतात, तिथी नुसत्या कॉफीवर करतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोलीत चहाची केटली बहुधा नसते, तेव्हा आपली न्यावी. आणि जेवण रात्री नऊच्या आधी मिळत नाही. अभनपूरहून एक भातगिरणीवाले कुटुंब आलं होतं. ते सात वाजता जेवून मोकळे होणारे. ताई त्यांना म्हणाल्या, "मग सात ते नऊ काय करणार, भांडण? त्यापेक्षा खाकरा न्या."

ताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. ऑफिसाची पाटी उतरली. मी दुसरीकडे कामाला लागले. तिथे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा बजेट विचारायची पद्धत आहे. फार सुशिक्षित ऑफिस आहे ते. गिऱ्हाईक रात्री कुठे धडपडतं याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

मी ताईंकडे कशी आले ते सांगते. लग्न होऊन पुसदकडच्या गावाहून रायपूरला आले, तेव्हा मला इथली फक्त एक जागा माहीत होती, उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतली आमची खोली. नवरा तिथल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर. दिवसभर खिडकीतून ट्रकची धूळ आत यायची आणि मी ती पुसत बसायची. शेजारणीने सांगितलं की समता कॉलनीत एक मराठी बाई आहेत, त्यांना फोन उचलायला कोणी पाहिजे. मी गेले. ताईंनी विचारलं, किती शिकली? मी म्हटलं, नववी. "नापास झाली का सोडली?" सोडली म्हटलं. "मंग चालते. नापास झालेले गिऱ्हाइकावर डूख धरतात."

माझा स्वभाव धास्तीचा. हॉटेलला पाठवायची ईमेल मी पुन्हा पुन्हा वाचायची, पाठवल्यावरही वाचायची. ताई म्हणत, "काहून वं, गेलेली गाडी परत येते का तुह्या पाहण्यानं?" पण त्या माझ्या धास्तीचा उपयोग करून घेत. एखादं हॉटेल पक्कं करण्याआधी फोटो माझ्यासमोर ठेवत आणि म्हणत, "घाबर पाहू." मी घाबरायची. न्हाणीघराच्या उंबऱ्याला पायरी आहे, आजी पडतील. पलंग भिंतीला चिकटलेला आहे, आतल्या माणसाला बाहेरच्यावरून उडी मारावी लागेल. ताई ते सगळं हॉटेलवाल्यांना विचारायला लावत. जगात भित्रेपणाचा पगार देणारी ती एकच बाई मला भेटली.

गिऱ्हाइकांचा त्या मान ठेवत, पण आपल्या पद्धतीने. एक मोठे अधिकारी आले होते, आपलेच, नागपूरकडचे. राजधानीत बदली होऊन आलेले. त्यांची एकच अट होती, हॉटेलात भारतीय लोक नकोत. ताईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग तुमचं कसं करायचं?" साहेब रागावून गेले आणि दोन दिवसांनी परत आले. कारण मोठ्या टूर कंपनीने त्यांना पाचव्या मजल्यावर बिनलिफ्टची खोली देऊ केली होती, बाल्कनी मात्र फार सुंदर.

दुबई, बँकॉकचं गिऱ्हाईक ताई चहा थंड व्हायच्या आत वाटेला लावत. स्पेन म्हटलं की तासभर. कारण त्यांची एकुलती एक मुलगी, गौरी, वालेन्सियाला राहत होती. जावई अकोल्याचा, तिकडे नोकरीला. स्पेनची सगळी माहिती ताईंना गौरीच्या फोनवरून मिळायची, आणि स्पेनला निघालेल्या प्रत्येकाच्या बॅगेत ताई कुरडयांचं आणि तिखटाचं एक पुडकं कोंबायच्या. निम्म्या रायपूरला त्यांनी स्पेन दाखवलं. स्वतः मात्र नागपूरच्या पुढे गेल्या नव्हत्या.

काहून, असं विचारायची हिंमत मला वर्षभर झाली नाही. उत्तर मला एका दुपारी फोनवर ऐकू आलं. ताई फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायच्या. आपलं सगळं उघड असतं असा त्यांचा दावा होता. गौरीताईंना मराठी समजायची, पण उत्तर त्या इथल्या पोरांसारखं हिंदीत द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की डॉक्टरचे सगळे उपाय संपले, आता आम्ही थांबवलं. मूल होणार नाही. ताई म्हणाल्या, "बरं."  मग गौरीताई म्हणाल्या, "तो अब तो तू कभी नहीं आएगी ना, आई?"

आमच्याकडे जुन्या घरांत एक चाल आहे. लेकीला मूल होईपर्यंत मायबाप तिच्या घरी जेवत नाहीत, मुक्काम करत नाहीत. आता कोणी फारसं पाळत नाही. पाळणाऱ्यांची ताई स्वतः टिंगल करायच्या. पण ताई पाळत होत्या.

त्या संध्याकाळी मी शटर ओढायला उठले तर म्हणाल्या, बस. मग त्यांनी सांगितलं की लग्न करून त्या रायपूरला आल्या, तेव्हा त्यांची आई वर्ध्याहून गाडीने यायची. सोबत स्वतःचा डबा, स्वतःच्या पाण्याची फिरकीच्या झाकणाची तांब्याची लोटी. ओसरीवर बसून डबा खायची, लेकीच्या हातचा चहासुद्धा घ्यायची नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. गौरी उशिरा झाली. तोवर आई गेली होती.

"मी पोट्टीच्या घरी बसून जेवली," ताई म्हणाल्या, "तं माही माय उगाच उपाशी गेली असं होते."

 माझी आई मागच्या दिवाळीत उरल्याला आली होती. दाराशी बाजेवर बसली, फडक्यातली पोळी खाल्ली आणि गेली. माझ्याही लग्नाला तेव्हा काही वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. हे मी ताईंना सांगितलं होतं की नाही आठवत नाही. ताईंना सांगावं लागत नसे.

आठवडाभराने ताईंनी जाहीर केलं की त्या वालेन्सियाला जाणार, आणि हॉटेलात राहणार. गौरीच्या घराजवळचं साधंसं हॉटेल बघ म्हणाल्या. रोज भेटू, बाहेर फिरू, झोपायला आणि जेवायला आपली आपण. गौरीताईंनी ते ऐकून फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी केला तो एवढंच म्हणायला, की माझ्या गल्लीत येऊन हॉटेलात उतरणार असशील तर येऊच नकोस, इथे लोकांना काय सांगू, माझी आई टूरिस्ट आहे? ताई म्हणाल्या, "सांग, हाव म्हणून." पण फोन ठेवल्यावर त्यांनी कुलूप लावलेल्या कपाटाला पुन्हा कुलूप लावायचा प्रयत्न केला.

तरी शोध सुरू राहिला. लोकांसाठी तासभर घेणाऱ्या बाईने स्वतःच्या खोलीसाठी महिना घेतला. हे नको, त्याला पायऱ्या. ते नको, खाली बार. एक सगळं बरं होतं, पण गौरीच्या घरापासून बस बदलून जावं लागत होतं. मला वाटायला लागलं की ताईंना हॉटेल सापडायलाच नको आहे. शेवटी एक सापडलं. गौरीताईंच्या मागच्या गल्लीत, लहानसं, म्हाताऱ्या नवराबायकोने चालवलेलं. चौकाकडची खोली, लिफ्ट, न्हाणीघर पलंगापासून हाताच्या अंतरावर. ताईंनी फोटो माझ्यासमोर सरकवला. "घाबर."

मी बघत राहिले. घाबरण्यासारखं काही दिसेना. नोकरीच जाईल असं वाटून मी उगाच काहीतरी शोधलं. म्हटलं, "ताई, खोलीत बसायला काहीच नाही. एकच पलंग अन् भिंत. गौरीताई आल्या तर बसतील कुठं?"

ताईंनी फोटो परत ओढून घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "जा घरी. ट्रॅफिक लागते उरल्याले." दुपारचे चार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी आले तर त्या आधीच येऊन बसल्या होत्या. केसांना तेल लावलेलं. म्हणाल्या, "त्याच हॉटेलात दोन पलंगांची खोली कर. दोन माणसांची." मी विचारलं, दुसरं नाव काय टाकू? मला वाटलं, कोणी बहीण-नणंद सोबत निघाली.

"गौरीचं टाक. मायनं लेकीकडं राहाचं नाही, एवढीच चाल हाय ना? लेकीनं मायकडं राहू नये अशी कोणाच्या बापानं चाल पाडली नाही. मी जिथी राहीन ते तिचं माहेर."

गौरीताईंना त्यांनी फोन केला तेव्हा स्पीकर बंद केला. तो एकदाच.

तिथे काय झालं ते मला ताईंनी परत आल्यावर सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. म्हणे, पोट्टी आली एक बॅग घेऊन आणि दहा-दहा वाजेपर्यंत लोळून राहायची. हॉटेलातली बाई खोली झाडायला दोनदा येऊन परत जायची. नाश्त्याला पावावर टमाटर घासून देतात, म्हणे, आपल्याकडे सुनेने एवढंच दिलं असतं तर सासू तुटून पडली असती. केटली कामाला आली. शेवया रांधल्या, खोलीत वास सुटला, मालकीण विचारायला आली तर तिलाही वाटीभर दिल्या. लेकीचं डोकं धुतलं, केस विंचरले. रडली का, असं मी विचारलं नाही. ताईंनी आपणहून सांगितलं, "रडली नाई कोणी. चौकात आवाज घुमते."

आणि जावई. जावई स्वतःच्या घरी एकटा स्वयंपाक करून खायचा आणि संध्याकाळी सासुरवाडीला यावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात यायचा. खाली लॉबीतल्या सोफ्यावर बसायचा. ताई त्याला चिवडा देत. निघायच्या दिवशी त्यांनी तिथेच, रिसेप्शनच्या टेबलासमोर, जावयाला दुपट्टा-टोपी दिली आणि लेकीची ओटी भरली. नारळ मिळाला नाही म्हणून संत्री घातली. "बरी होती तिथली संत्री," ताई म्हणाल्या. नागपूरकडच्या माणसाने दुसऱ्या गावच्या संत्र्याला बरं म्हणणं म्हणजे काय, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दरवर्षी त्या हॉटेलची ती खोली ताईंच्या नावाने घ्यायचं ठरलं होतं. तीन वेळा जाणं झालं. गौरीताईंच्या घरी त्या शेवटपर्यंत पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. नवीन पडदे मात्र दारात उभं राहून बघितले आणि नावं ठेवली.

पण मला सांगायचं होतं ते पहिल्या वेळचं. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ताई ऑफिसमागच्या खोलीत शिरल्या. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचाच पुढचा भाग. मागच्या खोलीत जुनी रद्दी, मोडका कूलर, टूर कंपन्यांची कॅलेंडरं असं रचलेलं होतं. त्यांनी दिवसभर माणूस लावून ते सगळं काढून टाकलं. दोन पलंग आणवले. मला वाटलं, आता ताई पाहुणे ठेवण्याचा धंदा काढणार. मी आपली धास्तीने हिशेब करत होते की चादरी धुवायचं माझ्याकडेच येणार.

ताईंनी मला आत बोलावलं. पलंग अजून मध्येच उभे होते, कुठे लावायचे ते ठरलं नव्हतं. त्या एका पलंगाच्या कडेला टेकल्या, चष्मा नाकावर ओढला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं मला विचारलं, "तुही माय रात्री किती वेळा उठते?"

  लग्न झाल्यापासून एका छपराखाली आम्ही मायलेकी एकदाही झोपलो नव्हतो.

"माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

"मंग फोन कर अन् विचार," ताई म्हणाल्या. "त्याच्यावर ठरते पलंग कोणत्या भिंतीले लावाचा ते."