मावशीच्या फोटोसाठी सॉफ्टवेअर

फोटोग्राफीचा अभ्यासक्रम करायला मी मंडणगडकडच्या आमच्या गावातून रत्नागिरीला आले आणि मावशीच्या घरी राहिले. मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने लग्न केलं नव्हतं. शाळकरी वयातच तिच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग उमटले होते. एक डाग डाव्या डोळ्यापासून गालावर उतरलेला, दुसरा ओठाच्या कडेपासून हनुवटीवर. मी तिला लहानपणापासून तशीच बघत आलेली, त्यामुळे मला त्यात वेगळं असं काही वाटायचं नाही. पण घरात तिचा एक धड फोटो नव्हता. लग्नकार्यातल्या ग्रुप फोटोत ती कायम कडेला, मान वळवून उभी.

कॅमेरा मला मुंबईच्या मामेभावाने दिला होता, त्याचा वापरलेला. लॅपटॉपही त्याचाच जुना. गाडं अडलं होतं ते फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरपाशी. वर्गात ज्याचं त्याचं मत वेगळं. एकाने पेनड्राइव्हवर महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून आणून दिलं. ते टाकल्यावर लॅपटॉप असा काही मंदावला की काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. दुसरी म्हणाली, महिन्याच्या भाड्याचं घे, धंद्यातले सगळे तेच वापरतात. मावशी लगेच म्हणाली, मी भरते. पण शिक्षण संपल्यावर कोण भरणार, आणि भाडं थांबलं तर माझं काम त्यातच अडकून बसेल का, हे मला कुणी नीट सांगेना. शेवटी मी तिसरंच एक घेतलं. फुकट, हलकं, आणि एक बटण दाबलं की फोटो तयार. भाट्याच्या किनाऱ्यावर काढलेले माझे होड्यांचे फोटो त्यात इतके झळकले की वर्गात कौतुक झालं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

त्याच वर्षी मावशी निवृत्त व्हायची होती. तिच्या शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर जुन्या शिक्षकांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. तिचाही हवा म्हणून मुख्याध्यापक मागे लागले होते आणि ती आज देते, उद्या देते करत होती. एका रविवारी सकाळी चहा घेताना ती मला म्हणाली, "तूच काढ गो. स्टुडिओत मी जायची नाही."

ती ओटीवर जांभ्याच्या तांबड्या भिंतीला टेकून बसली. पहिल्यांदा सवयीने तिने मान वळवलीच. मग मी कॅमेरा खाली घेतला, आणि हळूहळू तिची तीच सरळ झाली.

फोटो लॅपटॉपवर घेऊन मी नेहमीसारखं बटण दाबलं. क्षणभर काहीतरी फिरलं आणि चेहरा समोर आला. दोन्ही डाग गेले होते. मी तसं काही सांगितलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरला चेहरा म्हटला की तो एकसारखा करायचा एवढंच ठाऊक असावं. काय करावं हे सुचायच्या आत मावशी मागे येऊन उभी राहिलेली होती.

तिने चष्मा पुसला, परत लावला. बराच वेळ ती बघत राहिली. मला वाटलं, आता ही दुखावली. ती म्हणाली, "ही तर आई."

आजीला मी पाहिलेलं नव्हतं. मावशीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सांगितलं, की तू आईवर गेल्येस असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. लोक तिच्याकडे बघायचे ते डाग बघायचे, नाहीतर डाग दिसू नयेत म्हणून दुसरीकडे बघायचे. तो फोटो तिने माझ्याकडून छापून घेतला आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. आजही तो तिथेच आहे.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "शाळेत लावायला मात्र दुसरा करशील? माझ्या चेहऱ्याचा, आहे तसा. पहिलीतल्या पोरांनी ओळखायला हवं ना. भिंतीवर या कोण नव्या बाई, असं व्हायला नको."

मी करायला बसले आणि जमेना. चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद केली, तर डाग कागदासारखे कोरे पांढरेफटक दिसायला लागले. त्वचेचा मागमूस नाही. तयार फोटोसोबत कॅमेरा जी मूळ कच्ची फाइल टिपतो, ती त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नव्हती.

एसटी स्टँडजवळ एक स्टुडिओ होता, तिथे मी फोटो छापायला द्यायची. मालकांना आम्ही सगळे विद्यार्थी काका म्हणायचो. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उघडली. त्यांच्याकडे ते भाड्याचं सॉफ्टवेअर होतं. कच्ची फाइल म्हणजे न धुतलेला रोल समज, असं त्यांनी मला समजावलं. सगळं त्यात असतं, काय ठेवायचं ते धुणाऱ्याने ठरवायचं. मी म्हटलं, तुम्हीच करून द्या ना. त्यांना ते सहज जमलं असतं.

काका म्हणाले, "देतो की. पण मग मावशी तुझी आणि फोटो माझा, असं होईल. चालेल तुला?"

मला चाललं नसतं. मग त्यांनी माझ्या लॅपटॉपवर एक वेगळं सॉफ्टवेअर घालून दिलं. तेही मोफत, अनेक लोकांनी मिळून हौसेने बनवलेलं, कच्च्या फाइली उघडणारं. दिसायला रूक्ष, नुसत्या सरकवायच्या पट्ट्या आणि आकडे. काका म्हणाले, याचा गुण एकच, हे आपणहून काही करत नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले. सुरुवातीला मावशी कधी जांभळी झाली, कधी हिरवी. मग काकांनी दाखवलं, की जांभ्याची लाली तिच्या चेहऱ्यावर पडली आहे, आधी ती उतरव. ती उतरवल्यावर रंग जागेवर आला. नंतर फक्त उजळ भाग थोडाथोडा खाली आणायला शिकले, आणि कोऱ्या वाटणाऱ्या डागात हळूहळू त्वचा दिसायला लागली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेषा दिसल्या. डाव्या पापणीचे थोडे केस पांढरे आहेत, हे इतकी वर्षं जवळून बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दुपारी मी पुढची एकही पट्टी हलवली नाही.

घरी मावशीने फोटो पाहिला. "इतक्या सुरकुत्या आहेत होय गो मला?" म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "हाच दे शाळेला."

निरोपसमारंभाच्या दिवशी फोटो भिंतीवर लागला. पहिलीची मुलं रांगेतून जाताना एक मुलगी थांबली, फोटोकडे बोट करून मागच्या मुलीला म्हणाली, "आपल्या बाई." आणि पुढे गेली. एवढंच. मावशीने ते ऐकलं आणि पदराने चष्मा पुसत बसली. नंतर ग्रुप फोटोसाठी खुर्च्या मांडल्या, तेव्हा ती कुणी सांगायच्या आत मधल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे बघू लागली. माझेच डोळे भरल्यामुळे मला नीट दिसेना.

आज मी रत्नागिरीतच फोटोग्राफीची कामं करते. लग्नाचे ढीगभर फोटो लवकर द्यायचे असतात, त्यासाठी ते भाड्याचं सॉफ्टवेअरही घेतलंय. त्यात वाईट काही नाही. पण चेहऱ्यावरचं काही काढण्याआधी मी माणसाला विचारते. कुणी म्हणतं काढा, कुणी म्हणतं राहू दे. दोन्ही मी मनापासून करते. हे मला मावशीने दिलं, आणि करण्याइतका हात काकांनी दिला.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी तो ग्रुप फोटो घेऊन मी काकांकडे धावले होते. त्यांनी तो नीट न्याहाळला, मावशीपाशी थांबले, मान डोलावली. मग म्हणाले, फोटो डावीकडे कलला आहे, आधी सरळ कर. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.