मोठ्या फोनने पाहिलेला गोवर

आता काय सांगू, माझ्या शहाणपणाचा हा नमुना ऐकायचा तर हातातला चहा आधी संपवा.

म्हसावदला आमची केळी. बहीण सुरतला, तिला मुलगा झाला. माय बारशाला जाणारच होती, पण तोवर तिला नातू फोटोत बघायचा होता. नजर अधू, त्यामुळे भिंग कायम हातात. म्हटलं, मायसाठी मोठ्यात मोठा फोन घेऊ. दुकानात मी काय पाहिलं? फक्त इंच! दुकानदार रिझोल्यूशन-रिझोल्यूशन करत होता, त्याला म्हटलं, ते राहू द्या, याच्यापेक्षा मोठा दाखवा.

घरी फोटो उघडला. मायने भिंग धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पोरले माता उनी का रे?"

मीही भिंगातून पाहिलं. गालभर बारीक ठिपके. म्हणजे गोवरच की! एवढा महागाचा फोन खोटं कशाला दाखवेल? बहिणीला कळवलं. ती म्हणाली, गाल तर स्वच्छ आहेत. त्यावर मी काय म्हणालो असेन?

"तुला दोन दिवसांनी दिसेल. आमच्या फोनला आतूनच दिसतंय."

झालं! आमच्याकडे गोवर म्हणजे माता; ती घरात असेपर्यंत बारसं नाही, फोडणीसुद्धा नाही. तिकडे बारसं पुढे ढकललं, दाराला कडुनिंब लागला. इकडे माय देवीपुढे डोळे पुसत बसलेली. तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि समोरच्या बिनफोडणीच्या वरणाकडेही.

तिसऱ्या दिवशी मायने तोच फोटो माझ्या जुन्या, तळहाताएवढ्या फोनवर भिंग धरूनच पाहिला. गाल लोण्यासारखे! तसाच दुकानदाराकडे पळालो. तो म्हणाला, ठिपके पोराचे नाहीत, स्क्रीनचे आहेत. दोन्ही फोनांत जवळपास तेवढेच. लहान स्क्रीनवर दाट बसलेत, मोठ्यावर विरळ, म्हणून भिंगातून दिसतात. अहो, एका एकराची केळी दोन एकरांत लावली तर मधली माती दिसणारच! झाडांतलं अंतर वीस वर्षं गावाला मीच शिकवतोय.

शेवटी बारसं झालं. सुरतेत मायने नातवाला मांडीवर घेतलं, भिंग लावून दोन्ही गाल नीट तपासले. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्या सोयऱ्यांच्या देखत म्हणाली,

"तोंड मामावर गयं. आते अक्कल तरी बापवर जावो."