बुधवारची प्रार्थना माझ्याकडे

सत्त्याण्णव साली माझी बदली नगरहून जुन्नरला झाली. मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, सरकारी ऑफिसात कारकून, आणि तोंडाची इतकी फटकळ की शिपाईसुद्धा मला चहा विचारताना दबकून विचारायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात हे तोंड काडीच्या उपयोगाला आलं नाही.

एकट्या बाईनं खोली शोधायची म्हणजे काय, ते जिनं शोधलीय तिलाच विचारा. ख्रिस्ती आहे म्हटल्यावर दोन घरांनी 'पुतण्या राहायला येणार आहे' असं सांगून मला वाटेला लावलं. तिसऱ्या घरच्या काकूंनी धर्म विचारलाच नाही, आडनाव विचारलं. आमच्यात धर्म बदलला तरी आडनावं जुनीच राहिलीत, त्यामुळं मी त्यांच्याच जातीची वाटले. "आपल्यातलीच हायेस की मग," म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती हसले. त्याच संध्याकाळी बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणलं. आमच्या घरात बायका कपाळाला काही लावत नाहीत.

दोन महिने उपासनेशिवाय गेले. एका रविवारी गल्लीतून जाताना लहानपणापासून पाठ असलेलं गीत ऐकू आलं, सूर पार बिघडलेला, पण शब्द तेच. एका निवृत्त मास्तरांच्या पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, मंचरहून एस.टी.नं यायचे, एक कुटुंब ओतूरचं होतं. मी कोपऱ्यावर थांबून टिकली काढली, पर्सच्या आत चिकटवली आणि दारात उभी राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी सतरंजीवर सरकून शेजारी जागा केली. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया, सगळे त्यांना आत्या म्हणत. उपासना झाल्यावर मी निघाले, तर हाताला धरून म्हणाल्या, "जेवल्याबिगर कुठं चालली?" भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. दोन महिन्यांत कुणाच्या मांडीला मांडी लावून जेवले नव्हते. मला रडूच आलं. त्यांनी आणखी अर्धी भाकरी वाढली.

या मंडळीत एक पद्धत होती. दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना व्हायची, आणि कुणी नवीन आलं की पुढची पाळी त्याची. त्याला तोशीस नको म्हणून जेवणाचे डबे सगळे आपापले घेऊन यायचे. तिसऱ्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं, येता बुधवार नव्या ताईंकडे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मी म्हणून गेले, "या ना."

सोमवार गेला, मंगळवार गेला. काकू आजारी आहेत, येऊ नका, एवढं मास्तरांकडे जाऊन सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण काकूंशी खोटं वागताना न अडखळणारी माझी जीभ या माणसांशी खोटं बोलायला उचलेना. मग मी सगळ्यात भेकड गोष्ट केली. बुधवारी सात वाजेपर्यंत ऑफिसातच बसून राहिले. म्हटलं, कुलूप बघतील आणि जातील.

गेले नव्हते. सात माणसं मांडीवर डबे घेऊन काकूंच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसली होती. काकूंनी त्यांना पाणीही दिलं होतं. मला बघून काकू म्हणाल्या, "मघापासनं बसल्यात, तुझ्याकडं आलोय म्हनत्यात. कोण गं ही?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नव्हे, कपाळाकडे. टिकली तिथंच होती.

"मी नाही ओळखत," मी म्हणाले. "ऑफिसात कामासाठी लोक येतात, त्यांतले असतील."

आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. काकूंना म्हणाल्या, "व्हय, हापिसाचंच काम व्हतं. घरी यायला नको व्हतं आमी." आणि मला हात जोडले, जसे लोक कारकुनाला जोडतात तसे. मग सगळे डबे उचलून एकामागं एक फाटकाबाहेर गेले. मी खोलीत आले, कडी लावली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारून घेतली. त्यानं काही झालं नाही.

दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी, फार तर शिव्या घालतील, म्हणून गेले. आत्या सरकल्या, जागा केली. जेवणही रोजचंच. कुणी चकार शब्द काढला नाही. दोन शब्द सुनावले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तसलं काही माझ्या नशिबात नव्हतं. बुधवारची पाळी मात्र सगळ्या घरांवरून फिरायची आणि माझ्यापाशी आली की कुणाकडे न बघता पुढं जायची. मी काकूंबरोबर बाजारात दिसले की आत्या टोमॅटो निवडायला वाकायच्या. अशी सहा वर्षं गेली. मी त्या सगळ्यांच्या घरी जेवले. लाज वाटायची, आणि तरी जेवायचे.

मग काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. नोकरीवाला, निर्व्यसनी आणि आपल्यातलाच. आता काय करणार, त्या संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. "सहा वर्सं माझ्या चुलीपुढं जेवलीस, आन् आज सांगतीस व्हय?" काकू एवढंच म्हणाल्या, आणि चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "ऱ्हा हितंच. आन् त्या दिवशी पानी पिऊन गेली ती मान्सं, त्यांना बोलव एकदा."

रविवारी मी जवळजवळ पळतच गेले. निवेदनाच्या वेळी उभी राहून सांगितलं, येता बुधवार माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, स्वतःचा अभिमानच वाटला होता मला. पाळक 'बरं' म्हणाले, एकदोघींनी माना हलवल्या.

उपासना सुटल्यावर आत्या जवळ आल्या. आता पार थकल्या होत्या. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, "येऊ की, ताई. पन तिथं कुनी इचारलं तर आमी कोन म्हनून सांगायचं, तेवडं आदी सांगून ठेवा."

टोमणा नव्हता. चहात साखर किती, तसं विचारत होत्या. दाराशी बाकीचे चपला घालता घालता थांबले होते. त्यांनाही ते आधीच ठरवून घ्यायचं होतं.