मंगळावरचे दगड बघणाऱ्या बाई

फणसवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या मंगळावरच्या रोव्हरने पाठवलेले दगडांचे फोटो टॅबवर बघत बसतात. चाळीत कुणाच्याही मोबाइलवर ‘मंगळावर माणूस दिसला’, ‘मंगळावर दरवाजा सापडला’ असं काही आलं, की तो त्यांच्याकडे धावतो. बाई चष्मा कपाळावर चढवतात, फोटो नाकाशी धरतात आणि म्हणतात, “सावली कुठे पडलीय बघ. ऊन डावीकडून आहे. दगड आहे रे, दगड.” शेवटचा शब्द त्या नेहमी दोनदा म्हणतात, वर्गात म्हणायच्या तसा.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. कॉलेजात असताना एका दुपारी घरातून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. बाई त्याच्याबद्दल कधी बोलत नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. टॅबवर एक तपकिरी खडक होता.

“काय दिसतं तुला?” त्यांनी विचारलं. सावलीचं त्यांनी नावही काढलं नाही.

मला त्यात त्यांचा मुलगा लगेच दिसला. तेच रुंद कपाळ, तीच किंचित वाकडी हनुवटी. बाई फोटोकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“दगड आहे, बाई,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तिथे थंडी फार असते रे.”