लीद घातलेला रांजण

आमच्या घरात बाईनं चाकावर बसायचं नाही, अशी रीत. बाबा चाकावर मडक्याचं तोंड आणि खांदा काढायचे. खालचं पोट आई ठोकून वाढवायची. आत गोल दगड, बाहेर लाकडी थापी. मी या घरातली पहिली पदवीधर. आईचं ते काम म्हणजे कला आहे, हे मला कळलं बडोद्याच्या एका कार्यशाळेत. तिथं कोरियाहून आलेल्या एक कुंभारबाई मातीचे जाड वळे चढवून कमरेएवढा रांजण उभा करत आणि आईसारख्याच आतून आधार देऊन थापीनं ठोकत. मी त्यांना मोबाइलवर आईचा व्हिडिओ दाखवला. तीनदा पाहिला त्यांनी, मग उठून मला वाकून नमस्कार केला. तो आईचा होता, म्हणून फोन करून लगेच घरी पोचवला.

पुढं अमरावतीच्या एका प्रदर्शनासाठी माझं रेखाटन निवडलं गेलं. रांजणाची उभारणी कोरियाची, ठोकणी आईची. माझं हे पहिलंच मोठं काम. वेळेत रांजण पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी अकोल्याजवळच्या आमच्या गावी येऊन कामाला लागले. पहिला रांजण सुकतानाच चिरला, दुसरा भाजताना फुटला. महिना उरला. बाबा म्हणाले, लहान कर.

आईनं उरलेली माती चिमटीत चोळून पाहिली. यातून काय काय काढलं, असं विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, तीनदा गाळली आहे, खडा नाही की काडी नाही.

"मंग वाफ कुठून जाईन, पोरी? एवढी शिकली, अन् लीद घालाले विसरली?"

विसरले नव्हते. लहानपणी मातीत लीद मीच तुडवायचे; ती भाजताना जळते आणि वाफेला वाट करून देते. कॉलेजात मैत्रिणी नाक मुरडतील म्हणून सोडली होती. त्या कुंभारबाईंची मातीही भरड होती; मी त्यांचे हात पाहत राहिले, मातीकडं लक्षच दिलं नाही.

गावात आता घोडा नाही. बडनेऱ्याला वरातींना घोडी देणाऱ्या एका काकांनी पोतंभर लीद दिली. एसटीत कंडक्टरनं वास घेतला आणि विचारलं, "ताई, याचं अर्धं तिकीट फाडू काय?" अख्खी बस हसली, मीही हसले.

लीद आणि राख घालून आईनं आणि मी माती तुडवली. वळे मी चढवले, थापी दोघींनी मारली. बाबांनी गोवऱ्या आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, रचून आवा, म्हणजे भाजणीची भट्टी, लावला. आवा निवला. बाबांनी वरची राख सारली, खापऱ्या एकेक करून बाजूला केल्या. रांजण अखंड होता, लालभडक, एका कुशीला पऱ्हाटीची काळी झाक. बाबा डोळे पुसू लागले.

प्रदर्शनाच्या पाटीवर आईचं नाव माझ्या आधी लिहिलं. उद्घाटनाला आई नवं लुगडं नेसून आली, रांजणाभोवती एक फेरी मारली आणि बाजारात मडकं घेताना वाजवतात तशी बोटाच्या पेरानं टिचकी मारली. खणखणीत आवाज झाला. दारावरचा माणूस धावत आला. मावशी, हात लावायला मनाई आहे, म्हणाला.

"मीनंच ठोकला हाये बाप्पा. तुमी बी वाजवून पाहा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच वाजवला. मग त्याच्यामागं उभ्या असलेल्यांनी. दुपारपर्यंत रांजणापुढं रांग लागली होती, आणि आई शेजारी उभी राहून प्रत्येकाला कुठं वाजवायचं ते दाखवत होती.