नाणं झिजेपर्यंत

कवळीमास्तरांना मास्तर म्हणायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचे, आणि त्यांच्या हातची कवळी बसलेला माणूस दोन दिवसांत कडक बिस्किटं कडाकड फोडायला लागायचा, म्हणून लोक आपले मास्तर म्हणायला लागले. तळमजल्यावर राहायच्या दोन खोल्या आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांब टेबल, प्लास्टरचे जबडे मांडलेली फळी आणि कोपऱ्यात पॉलिशचं मशीन. मशीनवर कापडाची चकती गरगर फिरायची, मास्तर तिला ओली पूड लावून गुलाबी हिरड्या टेकवायचे, आणि त्या चकाकायला लागल्या की स्वतःवरच खूश व्हायचे. चकाकी म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण.

नाण्यांच्या बाबतीतही तेच. रविवारी सकाळी वाचनालयाच्या खोलीत नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं, आणि त्यात तीन तट होते. एका तटाला हातोहात फिरलेली, वापरून झिजलेली नाणी प्रिय. दुसऱ्या तटाचा म्होरक्या कोपऱ्यावरचा औषधवाला. त्याला कोरं नाणं हवं, म्हणजे टांकसाळीतून निघालं की थेट पाकिटात, मध्ये कुणाच्या खिशात जायचं नाही. मास्तर त्याला हसायचे. म्हणायचे, अरे बाबा, तुझी ती कोरी नाणी पोत्यात एकमेकांवर आपटूनच बाहेर येतात, भिंग लावून बघ, गालावर ओरखडे दिसतील. मास्तरांना हवं प्रूफ नाणं. ते बाजारासाठी पाडतच नाहीत, शौकिनांसाठीच पाडतात. साचा आरशासारखा घासायचा, नाण्यावर एकाऐवजी दोन ठोके द्यायचे, आणि माणसाचं बोट लागायच्या आत डबीत बंद करायचं. मागची जमीन काळाभोर आरसा आणि वर चित्र दुधासारखं. मास्तर सुती हातमोजे घालून, श्वास रोखून ती डबी उजेडात धरायचे. एकदा औषधवाला त्या डबीवर शिंकला. डबी बंद होती, तरी मास्तर पंधरवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

घरात मात्र या शौकाला काडीची किंमत नव्हती, कारण घरात ताई होती. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. जन्मभर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मुकादम होती, भल्याभल्या डॉक्टरांना डागाबद्दल झापायची. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन भावाकडे आली, आणि एकट्या भावाचा संसार तिनं हातात घेतला तो घेतलाच. तिचं मत असं की चादर शंभरदा धुतल्यावर कुठे अंगाला लागायच्या लायकीची होते. नाण्याचंही तसंच. जे कुणाच्या उपयोगाला आलं नाही, त्याला डबीत घालून काय पुजायचंय, असं ती मास्तरांच्या तोंडावर म्हणायची.

आणि तिच्याकडे एक नाणं होतंच. ते दोघांचं होतं म्हणा ना. त्यांचे वडील शिंपी. पोरांचं भांडण त्यांना अजिबात सहन व्हायचं नाही, मशीनवरची शिलाई वाकडी जायची. एक दिवस वैतागून त्यांनी खिशातलं नाणं काढलं आणि म्हणाले, भांडू नका, फेका. तेव्हापासून या घरात सगळं त्याच नाण्यावर ठरलं. खिडकीजवळ कुणी झोपायचं, फुटलेल्या आरशाचं वडिलांना कुणी सांगायचं, पुढे मोठेपणी कोणती खोली कुणाची. नियम कडक होते. जो फेकतो त्यानं छापा-काटा मागायचा नाही, आणि पडलं ते पडलं, दुसरी फेक नाही. मास्तर लहानपणी रडून, लोळून, पाय आपटून दुसरी फेक मागायचे. ताईनं एकदाही दिली नाही. इतकी वर्षं ते नाणं तिच्या पर्समध्ये किल्ल्यांबरोबर घासून घासून पार गुळगुळीत झालं होतं. छाप्यावरचा चेहरा म्हणजे नुसता उंचवटा उरला होता, काट्यावरचे आकडे म्हणजे एक अंधुक वळण. परक्याला दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या असत्या. या दोघांना अंगठा फिरवला की कळायचं.

तर झालं असं, की ताईच्या मुलानं दूरच्या शहरात घर घेतलं आणि आईला कायमची आपल्याकडे बोलावलं. भाचा गुणी पोरगा, त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. ताईचा पाय इकडेही अडकलेला आणि तिकडेही. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू बघ, माझं काय. आता हा काय बोलण्याचा प्रकार झाला? मनातून ती जायला नको आणि तोंडानं म्हणे माझं काय! पण मास्तरांना मनातलं बोलणं जन्मात जमलं नाही. शेवटी ताई म्हणाली, रविवारी चहा झाला की फेकू. छापा आला तर राहते, काटा आला तर जाते.

शनिवारी ताई बाजारात गेली. पर्स घरीच होती, कारण बाजारात ती पिशवी न्यायची. मास्तरांना वाटलं, एवढी मोठी फेक, आणि नाणं हे असं काळंकुट्ट! उद्या नीट दिसलं नाही, मागाहून वाद झाला, तर? मळाखाली अजून थोडा चेहरा शिल्लक असेल, तो वर आला तर बरंच. आता, नाणं कधीही घासू नये हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. खुद्द मास्तरांनीच यावर तासभर भाषण ठोकलं होतं. पण ते सगळं जमवायच्या नाण्यांसाठी. हे नाणं त्यांच्या लेखी नाणं नव्हतंच, घरातली वस्तू होती, डब्याच्या झाकणासारखी. त्यांनी मशीन सुरू केलं, चकतीला पूड लावली आणि सवयीनं हात चालवला.

नाणं सोन्यासारखं झळकलं. मास्तरांनी खुशीत उलटं केलं. तीही बाजू झळकली. मग त्यांनी अंगठा फिरवला. उंचवटा नव्हता, वळण नव्हतं. दोन्हीकडे नुसता आरसा, आणि त्यात त्यांचंच तोंड दिसत होतं.

लपवून ठेवायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण ताईपासून काही लपवणं म्हणजे विस्तव पदरात लपवण्यासारखं. ती कारखान्यात आली, पिशवी ठेवली, मास्तरांचा चेहरा बघितला आणि काय फुटलं म्हणून विचारलं. त्यांनी नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं अंगठा फिरवला. उलटं करून फिरवला. मग खुर्ची ओढून बसली. मास्तर म्हणायला लागले, की मुद्दाम नाही केलं, स्वच्छ करायला गेलो. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी जायला नको असं वाटत असेल तर तोंडानं सांगायचं होतंस, धाकट्या," ती म्हणाली. "नाणं कशाला मारलंस?"

एवढं झोंबलं ते मास्तरांना! फसवाफसवीचा आळ, तोही ताईकडून. कधी नाही ते त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, आतल्या कपाटातून डबी घेऊन आले. त्यांचं सगळ्यात आवडतं प्रूफ नाणं, ज्याच्यासाठी औषधवाला आठ वर्षं झुरत होता. हातमोजे त्यांनी घातलेच नाहीत. नखानं डबी उघडली आणि नाणं उघड्या बोटांनी उचललं. आरशावर अंगठ्याचा ठसा उमटला, तो आता कशानंही जाणार नव्हता.

"मला तू जायला नकोच आहेस," मास्तर म्हणाले. "घर खायला उठेल मला. पण फेक खरी व्हायला पाहिजे. रविवारची वाट नको बघायला. सांग, छाप्याला राहतेस ना?"

ताई त्या ठशाकडे बघत होती. तिनं होकाराची मान डोलावली.

मास्तरांनी नाणं उडवलं. ते टेबलाच्या कडेवर आदळलं, फरशीवर आपटलं, घरंगळत गेलं आणि पॉलिशच्या मशीनखाली दडलं. तिकडे जन्मभराची पूड आणि केरकचरा. मास्तर बॅटरी घेऊन पालथे झाले. फक्त त्यांचे पायच बाहेर होते. खाली नाणं पडलेलं त्यांना स्वच्छ दिसलं. ताईला दिसायचा प्रश्नच नव्हता. बोटाचा एक धक्का दिला असता तर काम फत्ते, वरून बघणारं कुणी नव्हतं. ते जरा वेळ तसेच पडून राहिले.

"काटा," खालून आवाज आला.

मास्तर कपडे झटकत बाहेर आले. कोपरापर्यंत पांढरे झालेले. त्यांनी नाणं ताईच्या हातात दिलं. काठाला चांगला खोचा पडला होता, आरशावर लांब ओरखडा होता. आता ते औषधवाल्यानं फुकटही घेतलं नसतं. मास्तर म्हणाले, तिकिटाचं मी उद्या बघतो, पोराला तूच कळव, सामानाच्या दोरीचं मी बघेन.

ताईनं नाण्यावर अंगठा फिरवला. मग पर्स उघडली, नाणं किल्ल्यांच्या जुडग्यावर टाकलं आणि चेन ओढली.

"हे अजून आपलं नाणं झालेलं नाही," ती म्हणाली. "अंगठ्याला टोचतंय. याची फेक धरायची नाही. आधी झिजू दे, मग पुन्हा टाकू."

आयुष्यात पहिल्यांदा ताईनं दुसरी फेक दिली. तिनं त्यांना आधी हातपाय धुऊन यायला सांगितलं, आणि मुलाला फोन लावून कळवलं की दिवाळीची नाही पण उन्हाळ्याची सुट्टी तुझ्याकडे काढीन, बाकी मला इकडे काम आहे.

तेव्हापासून मंडळात मास्तर जरा बदललेले दिसतात. झिजलेल्या नाण्यांवर पूर्वीसारखं तोंडसुख घेत नाहीत. पण घरी, ताई आंघोळीला गेली की ते हळूच तिची पर्स उघडतात, किल्ल्यांखालचं नाणं काढतात आणि भिंग लावून न्याहाळतात. मग हातमोजे घालून त्याला मऊ फडक्यात गुंडाळतात आणि किल्ल्यांपासून लांब, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून देतात. ताई आंघोळ करून येते, फडकं सोडते आणि नाणं परत किल्ल्यांत टाकते.