टेलिफोनवरचा नंबर

अकोल्याच्या भाजीबाजारात टेलिफोन घेणारे पहिले अडते म्हणजे केशवराव. फोन आला आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. दुकानाच्या पाटीवर त्यांनी नावापेक्षा मोठा आकडा रंगवून घेतला : ४८.

बासष्ट साली नंबर बदलून २४८ झाला. लाइनमनने फोनच्या दर्शनी चकतीत नवी चिठ्ठी लावून दिली. पण दसऱ्याला केशवरावांनी काट्यासोबत फोनचीही पूजा केली आणि हळदकुंकवाच्या पाण्यात आकडा पार पुसला गेला. मग पेंटर बोलावला. केशवराव लिलावात गुंतलेले, म्हणून पेंटरने पाटीकडे पाहून चकतीवर लालभडक ४८ काढला. केशवरावांना चूक दिसली, पण आकडा भारी देखणा होता! व्यापाऱ्यांना नवा नंबर पाठ आहे, मग इथलं वाचतो कोण, असं म्हणून त्यांनी तो राहू दिला.

त्यांच्या दुकानासमोर बार्शीटाकळीची पार्बताबाई वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. तिची लेक शकुन बाळंतपणासाठी अमरावतीच्या दवाखान्यात होती. बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे गरज पडली तरच तिने जायचं ठरलं. जावई रामरावने दुकानात येऊन फोनवरचा नंबर उतरून घेतला. तोंडात पान धरून केशवरावांनी नुसती मान डोलावली.

बाई टोपली सोडून फोनजवळ पोत्यावर बसून राहू लागली.

"फोन येऊन नाई राहिला, मालक."

"म्हंजे सारं बरं हाये," केशवराव ठासून सांगत.

शेवटी एसटीने रामरावच आला. शकुन गेली होती.

"आई आई करे, मामी. मी कितीकदा फोन लावला, पन दुसऱ्याच कोनाकडे लागे. मीच नंबर चुकीचा लिवला असन."

केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते ओठांवर आलं, पण शरमेने बाहेर पडेना. बाई रडतारडता जावयाला म्हणाली, "मालकानं तं मले फोनापाशी बसू देल्लं, जवाई. लय उपकार हायेत त्याहिचे." तिने हात जोडले तेव्हा धरणी दुभंगावी असं केशवरावांना वाटलं.

तेरावं आटोपून बाई पुन्हा भाजी घेऊन आली, तेव्हा केशवराव पात्याने चकतीवरचा लाल रंग काढत होते.

"काहून खरवडून राहिले, मालक? किती सुंदर लिवलं हाये."

"जुना झाला," एवढंच ते म्हणाले, आणि मान खाली घालून खरवडत राहिले.